दोन ऋतूंचा एसी : दिवाळीआधी एकदा, होळीआधी एकदा

प्रश्न : आम्ही नागपूरला राहतो. सासूबाईंच्या खोलीत दीड टनाचा हॉट अँड कोल्ड एसी बसवला आहे. मार्च ते जून तो गार हवेसाठी चालतो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे दोन-तीन तास गरम हवेसाठी. शेजारी म्हणतात, दोन्ही ऋतूंत राबवलात तर एसीचं आयुष्य निम्मं होईल. मेकॅनिक म्हणतो, वर्षातून एकदा, मार्चमध्ये सर्व्हिसिंग केलं की झालं. साध्या एसीपेक्षा याची निगा वेगळी असते का? घरच्या घरी काय करावं आणि कशाला हात लावू नये?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी शेजाऱ्यांच्या शंकेबद्दल. कॉम्प्रेसरची झीज तो किती तास आणि कोणत्या परिस्थितीत चालला यावर ठरते. तुमच्याकडे हिवाळ्यातले तास थोडे आहेत. खरा ताण पडतो तो मे महिन्याच्या दुपारी, बाहेर ४५ अंश असताना. दोन्ही कामं करण्यासाठीच हे यंत्र घडवलेलं असतं, त्यामुळे हिवाळ्यात वापरलं म्हणून आयुष्य निम्मं होत नाही. धूळ आणि शेवाळ साचलेल्या अवस्थेत ते चालवत राहिलं, तर मात्र नक्की घटतं.

मेकॅनिकच्या म्हणण्याशी सहमत होता येत नाही. साधा एसी ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत विश्रांती घेतो, त्याला वर्षातून एक मोठं सर्व्हिसिंग पुरतं. तुमच्या एसीला हिवाळ्यात अशी सलग विश्रांती नाही. शिवाय ऋतू बदलला की त्याच्या प्रत्येक भागाचं काम उलटं होतं, आणि म्हणून त्याच धुळीचा त्रासही वेगळ्या रूपात समोर येतो. हे एकदा समजलं की निगेचे सगळे नियम आपोआप सुचत जातात. त्यामुळे थोडं आतल्या रचनेबद्दल.

एसी गारवा तयार करत नाही आणि हीट मोडवर तो उष्णताही फारशी तयार करत नाही. विहिरीतलं पाणी टाकीत चढवणारा पंप जसा पाणी निर्माण न करता फक्त ते खालून वर नेतो, तसा एसी उष्णता एका जागेहून उचलून दुसऱ्या जागी नेतो. उन्हाळ्यात खोलीतली उष्णता भिंतीवरच्या आतल्या युनिटमधली कॉइल शोषते आणि बाहेरच्या युनिटमधली कॉइल ती बाहेर सोडते. हिवाळ्यात दिशा उलटते. बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणली जाते. बाहेर आठ अंश असले तरी त्या हवेत उष्णता असतेच; ती उचलायला तिच्याहून थंड असं काहीतरी लागतं. हल्लीच्या एसींत आर-३२ हा गॅस असतो. वातावरणाच्या दाबाखाली तो उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो, त्यामुळे बाहेरची कॉइल बाहेरच्या हवेपेक्षा थंड ठेवणं त्याला सहज जमतं.

ही दिशा बदलण्याचं काम बाहेरच्या युनिटमधला एक छोटा भाग करतो, त्याला फोर-वे व्हॉल्व्ह म्हणतात. रिमोटवर कूलचं हीट केलंत की थोड्या वेळाने बाहेरून ‘फुस्स’ असा जो आवाज येतो, तो या व्हॉल्व्हचा. एकाच यंत्राने इमारत गरमही करावी आणि गारही, हा विचार फार जुना आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ साली हवेच्या प्रवाहाने इमारती गरम किंवा गार करण्यावर निबंध लिहिला, आणि थेट इंधन जाळण्यापेक्षा अशा यंत्राने घर गरम करणं काटकसरीचं ठरेल असं त्यात मांडलं.

ती काटकसर तुमच्या वीजबिलातही दिसते. २००० वॅटचा रूम हीटर तासाला दोन युनिट वीज घेतो आणि तेवढीच उष्णता देतो. चांगल्या स्थितीतला हॉट अँड कोल्ड एसी तेवढीच उष्णता साधारण एक-तृतीयांश विजेत आणून देतो. ‘चांगल्या स्थितीतला’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत, कारण उष्णता वाहून नेण्यासाठी हवेला दोन्ही कॉइलींमधून मोकळं वाहता आलं पाहिजे. निगा म्हणजे मुख्यतः हवेची वाट आणि पाण्याची वाट मोकळी ठेवणं.

आतली जाळी. फिल्टरवर धूळ बसली की आतल्या कॉइलवरून हवा कमी वाहते. उन्हाळ्यात याचा परिणाम असा की कॉइलला खोलीतली उष्णता पुरेशी मिळत नाही, ती गोठणबिंदूखाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. मग एसी चालू असूनही हवा येत नाही आणि बंद केल्यावर भिंतीवरून पाणी ओघळतं. हिवाळ्यात नेमकं उलट होतं. आता तीच कॉइल उष्णता सोडत असते. हवा कमी वाहिली तर उष्णता तिच्यातच कोंडते, गॅसचा दाब चढतो आणि कॉम्प्रेसर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. म्हणजे मे महिन्यातला बर्फ आणि जानेवारीतलं वारंवार बंद पडणं, या दोन्हींचं मूळ एकाच कळकट जाळीत असू शकतं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या सांगण्यानुसार तुंबलेल्या फिल्टरच्या जागी स्वच्छ फिल्टर आला तर एसीचा वीजवापर ५ ते १५ टक्क्यांनी उतरू शकतो.

एसी रोज चालत असेल तेव्हा जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. रस्त्यालगत किंवा बांधकामाशेजारी घर असेल तर आठवड्याने. एमसीबी बंद करा, पुढचं झाकण उचला, जाळ्या काढा. आधी कोरडी धूळ झटका किंवा व्हॅक्यूम क्लीनरने ओढा, मग साध्या पाण्याच्या मंद धारेखाली उलट बाजूने धुवा, म्हणजे धूळ जाळीत आणखी रुतत नाही. गरम पाणी नको, ब्रश घासणं नको, उन्हात वाळवणंही नको. प्लास्टिकची चौकट वाकते आणि मग कडेने धूळ आत शिरते. सावलीत पूर्ण वाळल्यावरच बसवा.

बाहेरची कॉइल. इथेही तीच दुहेरी गंमत आहे. मागच्या पत्र्यांमध्ये धूळ, पिसं, कापूस अडकला तर उन्हाळ्यात उष्णता बाहेर टाकता येत नाही आणि बिल वाढतं. हिवाळ्यात त्याच कॉइलला बाहेरच्या हवेतून उष्णता मिळत नाही, ती जास्तच थंड होते आणि खोली तापायला वेळ लागतो. युनिटच्या मागे किमान वीतभर आणि पुढे दोन-तीन फूट जागा मोकळी हवी. उन्हापासून आडोसा चालेल, पण पंख्यातून निघालेली हवा तिथेच घुटमळून परत आत ओढली जाता कामा नये. हिवाळ्यात युनिटवर प्लास्टिकचं आवरण घालायची पद्धत साध्या एसीपुरती. तुमचं युनिट हिवाळ्यातही चालतं, तेव्हा झाकणं नाहीच. कबुतरांनी मागे घरटं मांडलंय का, एवढं मात्र अधूनमधून पाहा.

पाण्याची वाट. उन्हाळ्यात आणि त्याहून जास्त पावसाळ्यात हवेतली वाफ आतल्या कॉइलवर पाणी होऊन जमते. दमट दिवशी दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. हे पाणी ट्रेमधून ड्रेन पाइपात जातं. तिथे धूळ आणि ओल मिळून शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो, पाइप तुंबतो आणि पाणी खोलीत टपकतं. पाइपाला सगळीकडे उतार हवा, मध्ये कुठे झोल नको आणि बाहेरचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं नको. मोसमात एकदा त्या टोकातून व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेतलं किंवा मेकॅनिककडून वरून पाणी सोडून घेतलं की काम होतं. हिवाळ्यात मात्र आतून पाणी येत नाही; ते बाहेरच्या युनिटमधून टपकतं. त्यासाठी तळाशी लावायचा एक प्लास्टिकचा एल्बो बहुधा खोक्यातच मिळतो. पुष्कळदा बसवताना तो लावायचा राहून जातो आणि खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार आल्यावर लक्षात येतं. तुमच्याकडे लावला आहे का, ते पाहून घ्या.

आता वेळापत्रक. सणांच्या तारखा कोणी विसरत नाही, म्हणून तेच धरा. दिवाळीच्या साफसफाईत पहिलं सर्व्हिसिंग करा. पावसाळाभर आतल्या कॉइलवर, पंख्याच्या रोलरवर आणि ट्रेमध्ये जी बुरशी धरलेली असते, ती हीट मोड सुरू करण्याआधी निघायला हवी. नाहीतर डिसेंबरच्या बंद खोलीत ती सगळी हवा सासूबाईंच्या श्वासात जाते. होळीआधी दुसरं. यात बाहेरच्या कॉइलची धुलाई मुख्य, कारण पुढचे चार महिने तिची कसोटी असते. या दोन्हींच्या मध्ये, पाऊस लागल्यावर ड्रेन पाइप तेवढा एकदा तपासा.

दोन्ही वेळा मेकॅनिक घरात असतानाच, ज्या ऋतूची तयारी करताय त्या मोडवर एसी चालवून घ्या. ऐन मेमध्ये हीट तपासता येत नाही. बाहेर साधारण २४ अंशांच्या वर तापमान असेल तर बहुतेक एसी हीट घेतच नाहीत. म्हणून हीटची परीक्षा दिवाळीच्या सुमाराच्या एखाद्या गार सकाळी आणि कूलची फेब्रुवारीतल्या दुपारी. पंधरा मिनिटं पूर्ण वेगात चालू द्या. मग एक साधा थर्मामीटर आत जाणाऱ्या हवेत, म्हणजे वरच्या जाळीपाशी, आणि मग बाहेर पडणाऱ्या हवेत धरा. कूलवर दोन्हींत दहा अंशांच्या आसपास फरक दिसला पाहिजे. हीटवर तो याहून बराच जास्त असतो. बाहेर येणारी हवा ४० अंशांच्या जवळपास लागते. हे आकडे तारखेसह झाकणाच्या आत कागदावर लिहून चिकटवा. पुढच्या वर्षी फरक कमी दिसला तर बिघाड लहान असतानाच पकडता येईल.

‘कशाला हात लावू नये’ हा प्रश्न तुम्ही विचारलात, याचं कौतुक वाटतं. बाहेरच्या युनिटचं विजेचं झाकण उघडू नका. इन्व्हर्टर एसीच्या पीसीबीवरच्या कपॅसिटरमध्ये एमसीबी बंद केल्यावरही काही मिनिटं धोकादायक दाबाची वीज साठून असते. खिडकीबाहेर वाकून किंवा छज्ज्यावर उतरून युनिट धुण्याचा प्रयत्न तर मुळीच नको. ते काम कमरेला पट्टा बांधलेल्या माणसाचं. मेकॅनिक जेट पंप वापरत असेल तर धार पत्र्यांना समांतर, सरळ मारायला सांगा. तिरकी आणि जोरदार धार अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे आडवे पाडते आणि हवेची वाट कायमची बंद होते. आम्ल किंवा कॉस्टिकचं द्रावण वापरू देऊ नका. कॉइल क्षणात चमकते खरी, पण धातू खाल्ला जातो.

एक नागपुरी सूचना राहिली. ज्या खोलीत एसी चालू आहे तिथे वाळ्याचा कूलर चालवू नका. कूलर हवेत वाफ सोडतो आणि एसी तीच वाफ पुन्हा पाणी करून काढतो. एक लिटर पाण्याची वाफ परत पाण्यात उतरवताना सुमारे ०.६८ युनिट इतकी उष्णता एसीला बाहेर फेकावी लागते. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी एकतर कूलर लावा, नाहीतर दारं बंद करून एसी.

प्रश्न : मूळचे आम्ही साताऱ्याचे, नोकरीमुळे दिल्लीत. जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांवर असताना आमचा एसी गरम हवा देता देता मध्येच थांबतो, बाहेरच्या युनिटमधून पांढरी वाफ निघते आणि खाली पाणी सांडतं. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होतो. मेकॅनिकने ‘व्हॉल्व्ह गेला’ असं सांगितलंय. बदलून घ्यावा का?
— एक वाचक, दिल्ली

उत्तर : थांबा, बदलू नका. तुम्ही केलेलं वर्णन बिघाडाचं नाही. एसी स्वतःच्या अंगावरचं दंव वितळवत असतो.

बाहेरची हवा चार अंशांची असेल तर तिच्यातून उष्णता उचलण्यासाठी बाहेरची कॉइल शून्याच्याही खाली न्यावी लागते. दिल्लीच्या धुक्यात हवेतली आर्द्रता जवळजवळ पूर्ण भरलेली असते. ही वाफ कॉइलला लागताच गोठते आणि पत्र्यांमधल्या फटी दंवाने बुजत जातात. हवा कोरडी असेल तर दंव कमी धरतं. शून्य ते पाच अंश आणि दाट धुकं, हा सगळ्यात वाईट योग. तशा वेळी सेन्सर इशारा देतो, फोर-वे व्हॉल्व्ह काही मिनिटांपुरता उलटतो आणि गरम गॅस बाहेरच्या कॉइलमध्ये जातो. दंव वितळून पाणी सांडतं, त्यातून वाफ निघते. या काळात आतून गार हवेचा झोत येऊ नये म्हणून आतला पंखा बंद ठेवलेला असतो. काही रिमोटवर किंवा पॅनलवर तेव्हा ‘डीफ्रॉस्ट’चं चिन्ह दिसतं. सुरुवातीला हीट लावल्यावर पंखा लगेच फिरत नाही, तेही याच कारणाने. कॉइल तापेपर्यंत तो वाट पाहतो.

मग काळजी कधी करावी? तासाभरात हे तीन-चारदा होत असेल, वितळवून झाल्यावरही कॉइलवर बर्फाचा थर तसाच राहत असेल, किंवा कॉइलच्या एखाद्याच भागावर बर्फ धरत असेल, तर काहीतरी चुकतंय. पहिला संशय मळलेल्या बाहेरच्या कॉइलवर घ्या. दिवाळीनंतर दिल्लीच्या हवेत जी काजळी आणि धूळ असते, ती तिच्यावर थर धरते. दुसरा संशय कमी झालेल्या गॅसवर. तिसरा सेन्सरवर. व्हॉल्व्ह खरोखर अडकला तर खूण वेगळी असते. हीट लावून अर्धा तास झाला तरी आतून गारच हवा येत राहते, कारण बहुतेक घरगुती एसींत व्हॉल्व्हच्या कॉइलला वीज मिळाली नाही तर तो कूलच्या बाजूला राहतो. अशा वेळीही आधी त्या छोट्या विद्युत कॉइलला वीज पोहोचते आहे का, हे मीटरने तपासायला सांगा. ती वरच्यावर बदलता येते. पूर्ण व्हॉल्व्ह बदलायचा तर सगळा गॅस काढून तांब्याच्या नळ्यांना झाळकाम करावं लागतं.

आणखी एक गोष्ट. कंपनीने छापलेली हीटची क्षमता सर्वसाधारणपणे बाहेर ७ अंश आणि आत २० अंश धरून मोजलेली असते. बाहेर त्याहून गारठा असेल तर यंत्र तेवढी उष्णता देऊ शकत नाही, त्यात त्याचा दोष नाही. रिमोटवर ३० चा आकडा टाकल्याने खोली लवकर तापत नाही. झोपण्याआधी थोडं लवकर २१-२२ अंशांवर लावा, हवेची पाती खालच्या दिशेला वळवा, कारण गरम हवा वर छताशी जाऊन बसते, आणि दाराखालची फट बंद करा.

प्रश्न : हिवाळ्यात हीट मोडवर झोपलं की घसा कोरडा पडतो. पहिल्या दिवशी जळका वासही येतो. हे एसीच्या बिघाडामुळे होतं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बिघाड नाही, पण वासाचं उत्तर निगेत आहे. उन्हाळा-पावसाळाभर आतल्या कॉइलवर बसलेली धूळ पहिल्यांदा तापते तेव्हा तसा वास येतो. दिवाळीआधी कॉइल धुतली असेल तर तो जाणवतही नाही. आला तरी खिडकी उघडी ठेवून अर्धा तास चालवलं की जातो. वास प्लास्टिक किंवा वायर जळल्यासारखा असेल, किंवा दुसऱ्या दिवशीही टिकला, तर मात्र एमसीबी बंद करून मेकॅनिकला बोलवा.

घशाचं कारण हवेच्या गुणधर्मात आहे. एसी हीट मोडवर हवेतलं पाणी काढत नाही, पण तापलेल्या हवेची पाणी धरण्याची ताकद वाढते. पुण्यात पहाटे बाहेर १० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर तीच हवा २४ अंशांपर्यंत तापवल्यावर आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास उतरते. रूम हीटरनेही हेच होतं. उपाय सोपा आहे. तापमान २० ते २२ अंशांवर ठेवा आणि झोत अंगावर घेऊ नका. खोली उबदार झाली की पहाटेसाठी टायमर लावून रात्री बंद ठेवलं तरी पुण्याच्या थंडीत पुरतं.

पावसाळ्यात याच एसीला कुबट वास येत असेल तर तो ओल्या कॉइलवरच्या बुरशीचा. एसी बंद करण्याआधी वीस-तीस मिनिटं नुसत्या फॅन मोडवर चालवा, म्हणजे कॉइल वाळते. काही एसी बंद केल्यावर हे आपणहून करतात. तेव्हा पंखा फिरताना दिसला म्हणून घाईने एमसीबी पाडू नका.

प्रश्न : आमचा मेकॅनिक दरवर्षी ‘गॅस कमी झालाय’ म्हणून थोडा गॅस भरतो. गेल्या डिसेंबरात तर हीट चालू असताना गेज लावून ‘प्रेशर फार चढलंय’ म्हणाला आणि थोडा सोडून दिला. गॅस खरंच दरवर्षी लागतो का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : नाही. हा विषय मनापासून सांगावासा वाटतो, कारण यात घरोघरी पैसे वाया जातात आणि नुकसान आपल्या घरापुरतं राहत नाही.

एसीतला गॅस इंधन नव्हे. एसी चालताना तो जळून संपत नाही, झिजत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे. गळती बहुधा आतल्या आणि बाहेरच्या युनिटला जोडणाऱ्या नळ्यांच्या टोकाशी, फ्लेअर नटच्या सांध्यात असते, नाहीतर गंजलेल्या कॉइलमध्ये. गळती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे पुढच्या वर्षीची फेरी आजच ठरवून टाकणं.

डिसेंबरात जे घडलं ते समजून घ्या. गेज ज्या ठिकाणी लावतात ते टोक जाड नळीवर असतं. कूल मोडवर त्या नळीत कमी दाबाचा, थंड गॅस असतो, म्हणून उन्हाळ्यात ती हाताला गार लागते आणि घामेजते. हीट मोडवर व्हॉल्व्ह उलटल्याने त्याच नळीत कॉम्प्रेसरमधून निघालेला गरम, जास्त दाबाचा गॅस येतो. आर-३२ किंवा आर-४१०ए असलेल्या एसीत तो दाब उन्हाळ्यातल्या दाबाच्या तिप्पट दिसणं अगदी स्वाभाविक आहे. उन्हाळ्यातला आकडा डोक्यात ठेवून हिवाळ्यात गॅस सोडून दिला, तर ठीक चाललेला एसी अशक्त होतो, मार्चमध्ये गार हवा कमी पडते आणि पुन्हा ‘गॅस कमी’चं निदान होतं. निफाडच्या थंडीत हीट रोज लागते, म्हणून तुमच्याकडे या चुकीला वाव जास्त.

मग योग्य पद्धत कोणती? गॅसचं निदान नुसत्या दाबावर करायचं नसतं. आधी जाळी आणि कॉइल स्वच्छ आहेत का ते पाहायचं, मग हवेतला तापमानाचा फरक मोजायचा. तरीही संशय राहिला तर सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायचं. लहान गळती फेसाला सापडत नाही; तेव्हा उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेऊन नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरतात आणि तो टिकतो का ते पाहतात. या कामाला ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नका. आतल्या तेलाशी त्याचा संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. सांधा दुरुस्त झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल पूर्ण काढायची. गॅसचा फवारा मारून हवा बाहेर ढकलायची सवय काहींना असते. आर-३२ पेट घेऊ शकणारा आहे, त्यामुळे ती धोक्याची. शेवटी बाहेरच्या युनिटवरच्या पाटीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं, तेवढाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. या सगळ्याला अर्धा दिवस लागतो आणि एका वर्षापुरता तो महागही वाटतो, पण मग वर्षानुवर्षं गॅसचं नाव घ्यावं लागत नाही.

नुकसान घरापुरतं राहत नाही असं वर म्हटलं, त्याचं कारण आकड्यांत आहे. जुन्या एसींतला आर-२२ ओझोनच्या थराला मारक आहे. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगभर तो हद्दपार होऊ लागला. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला इजा करत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २०८८ पट उष्णता वातावरणात धरून ठेवतो. आर-३२ चा आकडा ६७५ आहे. म्हणजे एक किलो आर-३२ हवेत गेला की तो पावणेसातशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखा होतो. असे वायू कमी करण्यासाठी २०१६ मध्ये किगाली इथे करार झाला आणि भारताने २०२१ मध्ये तो मान्य केला. सरकारं करार करतात, पण हा गॅस हवेत जायचा की नळ्यांत राहायचा, ते शेवटी तुमच्या भिंतीवरच्या एका नटाच्या सांध्यावर ठरतं.

तेव्हा पुढच्या वेळी गॅस कमी आहे असं कोणी सांगितलं, तर वाद घालू नका, फक्त पावती नीट मागा. गळती कुठे होती, ती कशी बंद केली आणि किती ग्रॅम गॅस भरला, या तीन गोष्टी तिच्यावर लिहून देईल त्याच्याच हाती तुमचा एसी द्या.